मगदलवाली

अकोल्यातल्या तायडेंच्या घरात गीतांजली नावाची बाई राहत नव्हती. आधार कार्डावर होती, मतदान केंद्रावर वर्षाआड सापडत होती, पण घरात नव्हती. घरात राहायची ती हिवरखेडवाली.

वऱ्हाडात याला कोणी अपमान समजत नाही. सून आली की तिच्या माहेरच्या गावाला 'वाली' जोडायचं, काम झालं. बारशाचा खर्च नाही, नाव लक्षात ठेवायची कटकट नाही. थोरली जाऊ धामणगाववाली, धाकटी बडनेरेवाली, मधली ही. तिघी एका वेळी स्वयंपाकघरात असल्या आणि सासू पार्वताबाई बाहेरून हाका मारू लागल्या, की पाहुण्याला वाटायचं, आत एसटीचा कंडक्टर बसला आहे. पार्वताबाई आणि त्यांचे मालक तरुणपणीच ख्रिस्ती झाले होते. देव बदलला, सण बदलले, नमस्काराचा सलाम झाला. सुनेला हाक मारायची पद्धत बदला, असं काही त्यांना कोणत्या मिशनरीनं सांगितलं नव्हतं. म्हणून ती राहिली.

लग्नानंतर वर्षभर नवरा सूर्यभान तिला एकांतात 'गीता' म्हणायचा. पुढे घरात पोरं झाली, एकांत संपला आणि गीताही संपली. शाळेत ती मराठी शिकवायची. तिथं ती तायडे मॅडम. म्हणजे सकाळी नवऱ्याच्या आडनावाची, संध्याकाळी बापाच्या गावाची. मधल्या वेळात ऑटोमध्ये बसलेली असे, तेवढी तिची स्वतःची.

अशा बाईला मरीया मग्दालीया सापडली ती महिला मंडळाच्या शिबिरात. नागपूरहून आलेल्या एक मॅडम बोलत होत्या. समोर बायका पुढच्या जेवणासाठी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, कारण आपल्याकडे बायकांचं शिबिर म्हटलं तरी शेंगा बायकांनीच सोलायच्या असतात. मॅडम म्हणाल्या, "मग्दालीया हे आडनाव नाही. मग्दाला नावाचं तळ्याकाठचं मासळीचं गाव होतं. त्या शब्दाचा अर्थ बुरूज, असं सांगतात. येशूच्या मागं फिरणाऱ्या दुसऱ्या बायका कोणाची आई, कोणाची बायको म्हणून ओळखल्या जातात. हिच्या नावापुढं नवरा नाही, मुलगा नाही. म्हणून गाव लागलं."

मॅडमनी हेही सांगितलं, की ती बदफैली होती असं बायबलच्या शुभवर्तमानात कुठंही लिहिलेलं नाही. काही शतकांनी एका पोपसाहेबांनी प्रवचनाच्या ओघात दोन-तीन वेगवेगळ्या बायकांची मोट बांधून एक केली, आणि ती गाठ पुढं जवळपास चौदाशे वर्षं कोणी सोडवली नाही.

बायकांनी माना डोलावल्या. गीतांजलीच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली.

"अवं माय," ती मोठ्यानं बोलून गेली, "ही तं आपल्यातलीच हाय! मगदलवाली!"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. पण गीतांजलीच्या डोक्यात ते घर करून बसलं. भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, की मगदलात तिला कोणी मगदलवाली म्हटलं नसेल. तिथं सगळेच मगदलचे. गावाचं नाव माणसाला लागतं ते गाव सुटल्यावर. म्हणजे हे नाव म्हणजे एका बाईनं आपलं गाव सोडल्याची पावती. आणि तिला गाव सोडायला लावणारा तो येशू एकटाच, ज्यानं शेवटी थडग्यातून उठल्यावर बागेत तिला गावानं नाही, नावानं हाक मारली. मरीये. तेवढ्यावरून तिनं त्याला ओळखलं. गीतांजलीची भाकरी करपली. सासूबाईंनी विचारलं, "हिवरखेडवाले, झोप लागली काय वं चुलीपुढं?"

तिनं नाटक लिहिलं. वऱ्हाडीत. त्यात पेत्र, थोमा, योहान, सगळे शिष्य दीड तास तिला एकाच नावानं हाका मारतात: मगदलवाले, पाणी आण. मगदलवाले, मासे संपले काय? मगदलवाले, तू मधात बोलू नको. शेवटी पहाटेच्या थडग्यापाशी एक आवाज म्हणतो, "मरीये." ती धावत जाते, पुरुष कड्या लावून बसलेत त्या खोलीचं दार बडवते आणि सांगते, "मी प्रभूला पाहिलं." शिष्यांना ती बायकांची बडबड वाटते. दिवे जातात, शेवटचा उजेड तिच्यावर राहतो.

मागच्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, चर्चच्या आवारात हे नाटक झालं. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. पुरुष म्हणाले, साउंड चांगला होता. मगदलवाली गीतांजलीनंच केली. पेत्र सूर्यभाननं केला, कारण दाढी त्याच्याकडे तयार होती. दिग्दर्शकही तोच झाला, कारण तालमीत दरडावायला कोणी तरी लागतं आणि जिल्हा परिषदेत आयुष्य काढल्यामुळं त्याला सराव होता.

या वर्षी अमरावतीला मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चांची, नाट्यस्पर्धा ठरली आणि अकोल्याचं नाटक निवडलं गेलं. त्या दिवशी सूर्यभान जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, "अमरावतीले पाहजो तू. माईक हातात घेईन अन् सांगीन, हे नाटक लेहलं गीतांजली तायडेनं. हिवरखेडवाली नाई म्हणणार. पुरं नाव."

"खरं?"

"शप्पत."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला दोनच गोष्टींचा शब्द दिला होता. त्यातला पहिला कूलरचा होता, आणि कूलर खरंच आला होता. म्हणून तिनं विश्वास ठेवला. पुढचे काही दिवस ती उगाचच एकटी असताना आपलं पुरं नाव म्हणून बघायची. माईकवरून कसं ऐकू येईल याचा अंदाज घेत.

नाटकाचे कपडे समोरच्या गल्लीतली फरजाना शिवायची. स्पर्धेच्या आठवड्यात गीतांजली आपली ओढणी आणायला गेली, तर मशीनवर पेत्राचा जुब्बा होता आणि त्याला बोटभर रुंद जरीची किनार लागत होती.

"हे कायले?" गीतांजलीनं विचारलं. "पेत्र कोळी होता, फरजाना. नवरदेव नव्हता."

"मले काय माहीत बाजी. भाईजान काल येऊन सांगून गेले. म्हणे जरी लाव, शेवटचा उजेड माह्यावर पडते तं चमकलं पाहिजे."

"शेवटचा उजेड मरीयेवर पडते."

फरजानानं पायाखालचं मशीन थांबवलं. "आता नाई पडत म्हणे. शेवट बदलवला ना. तुमाले सांगतलं नाई का?"

गीतांजलीनं आपल्या ओढणीची घडी घातली. फरजानानं दातानं दोरा तोडला. "आमच्यात बी असंच हाय बाजी. साऱ्या मोहल्ल्याले माहीत असते, बायकोले सोडून."

घरी सूर्यभान कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होता. बायकोचा चेहरा पाहून त्यानं आणखी एक बादली ओतली. कूलर वाहू लागला तरी ओतली.

"चर्चची कमिटी ऐकत नाई वं," तो म्हणाला. "वामनराव म्हणते, अमरावतीची मंडळी मोठी, शिकलेली. त्याहीच्यापुढे पहिलं दर्शन बाईले, अन् ते बी 'मगदलवाली' म्हणून? बरं दिसत नाई म्हणे. मी लय भांडलो. घसा बसला माह्या."

घसा बसला होता हे खरं. पण तो आदल्या दिवशीच्या कुल्फीनं.

नवा शेवट असा होता: बाई थडग्यापाशी येते, ते रिकामं दिसतं, ती रडते. मग जाऊन पेत्राच्या खोलीचं दार वाजवते आणि म्हणते, "चला, पाहा." पेत्र येतो. प्रभू पेत्राला दिसतात. उजेड. पेत्र म्हणतो, "मी प्रभूला पाहिलं." बाई तोवर एका कोपऱ्यात बसलेली असते. नाटकातून मगदलवाली हे नावही गेलं होतं. आता ती 'पहिली बाई' होती. दुसरी बाई नाटकात नव्हती.

"पण माईकवर नाव तुह्यंच घेईन," सूर्यभान बादली खाली ठेवत म्हणाला. "ते पक्कं. तिथं कमिटीचं काई चालत नाई."

गीतांजलीनं फरशीवरचं पाणी पुसून घेतलं. नवरा बिचारा भांडला तरी, असं तिनं मनाला सांगितलं. उजेड जाऊ दे, नाव तर राहिलं. बायका अशा वेळी मनाला फार पटकन सांगतात आणि मनही फार हुज्जत घालत नाही.

शनिवारी सकाळी मंडळीची बस निघाली. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा गीतांजलीच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि तिथं वामनराव येऊन बसले. वामनराव कमिटीचे जुने मेंबर, सरकीच्या व्यापारातून निवृत्त, नाटकात थोमा. स्वभावानं सरळ माणूस. थोमाचं काम त्यांना दिलं होतं कारण त्यात शंका घ्यायची होती, आणि वामनरावांना आयुष्यात कधी कोणाबद्दल शंका आली नव्हती. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तेवढाच सराव.

"ताई, सलाम," ते म्हणाले. "आता कसे हायत गुडघे?"

"कोणाचे?"

"तुमचे हो. सूर्यभाननं सांगतलं कमिटीत. मी तं म्हनलं होतं, शेवट बदलवू नका बाप्पा, माह्यी बायको त्या शेवटाले ढसाढसा रडली होती. पाळकसाहेबबी तेच म्हणत होते. पण सूर्यभान म्हणे, हिवरखेडवालीचंच म्हणणं हाय का शेवट माह्याकडून काढा. एवढा मोठा स्टेज, तिच्यानं धावणं होत नाई, गुडघे गेले तिचे, पण बोलाची लाज वाटते तिले. मंग आम्ही म्हनलं, जाऊ द्या. बाईमाणसाले कायले तरास."

बस बडनेऱ्याच्या रेल्वे पुलावर चढली. पार पुढच्या सीटवर सूर्यभान मोबाइलच्या काचेत पाहून दाढी विंचरत होता. एक केस राहिला होता, तो त्यानं जिभेनं बोट ओलं करून बसवला.

"बरे हायत गुडघे," गीतांजली म्हणाली.

"देवाची कृपा," वामनराव म्हणाले, आणि त्यांनी तिला एक लिमलेटची गोळी दिली. तिनं ती तोंडात टाकली. चावली नाही, चोखली नाही. अमरावती येईपर्यंत ती गालात तशीच होती.

तिला राग येईल असं तिला वाटत होतं, पण तो येईना. कमिटीनं काढलं असतं तर तिनं कमिटीवर रागावून घेतलं असतं. पण ज्या माणसाचा सदरा तिनं सकाळी इस्त्री केला, त्यानं तिच्या नाटकातून तिला काढायला तिचेच गुडघे वापरले होते. एवढं बारीक काम तो करू शकतो हेच तिला माहीत नव्हतं. घरात तर त्याला स्वतःचा चष्मा सापडत नसे.

अमरावतीचा हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत पाळक आणि पाहुणे, मागं बायका, त्याच्या मागं उभे राहणारे. परीक्षकांत मधोमध एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. नाटक चांगलं चाललं. बायका हसल्या, पुरुष खोकले, सगळं जिथल्या तिथं.

मग पहाट झाली. म्हणजे निळा दिवा लागला. स्टेजच्या उजवीकडं थर्माकोलचं थडगं, डावीकडं शिष्यांची खोली, तिचं दार बंद, आत पेत्र, थोमा आणि बाकीचे. प्रभूचं काम करणारा अमोल विंगेत पांढऱ्या कपड्यांत उभा. गीतांजली थडग्यापाशी आली. आत डोकावली. थडगं रिकामं होतं. ती रडली.

आता तिनं दार वाजवायला जायचं होतं.

गीतांजलीनं डावीकडं पाहिलं. खोलीच्या फटीतून जरीची किनार चमकत होती. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, हळूच वाकली, आणि थडग्याच्या धोंड्याला टेकून खाली बसली. पाय लांब केले. आणि शांतपणे गुडघे दाबू लागली. तिचे गुडघे गेले होते ना.

खोलीत पुरुष बसले होते. दार वाजल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. नाटकात तसंच होतं, आणि खरं तर शुभवर्तमानातही तसंच आहे. बाई सांगायला गेली नाही तर पेत्र काय करतो याबद्दल कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही. पुरुष दाराकडं पाहत राहिले. योहानानं घाम पुसला. थोमाला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली आणि त्यानं पेत्राच्या कानात काही तरी विचारलं. विंगेत अमोल एक पाय पुढं टाकून थांबला. आता निघावं की न निघावं हे प्रभूलाही कळेना.

मागच्या रांगेतून एक म्हातारी बोलली, "जाय ना वं माय, सांग त्याइले! वाट पाहून राहिले ते!"

तिच्या शेजारची म्हणाली, "कायले सांगते? बसू दे तसेच. रोजचंच हाय त्याइचं."

बायकांच्या बाजूनं हशा उठला, आणि लगेच विरला, कारण स्टेजवरच्या बाईनं हसायला साथ दिली नाही. ती फक्त गुडघे दाबत होती आणि समोर पाहत होती. मग कोणी हसलं नाही. एका बाळाचं रडणं तेवढं चालू राहिलं.

शेवटी दार उघडलं. बाहेरून नव्हे, आतून. सूर्यभान बाहेर आला. तो पेत्र आहे हे तो पार विसरला होता. तिसऱ्या हाकेलाही चहा आला नाही की ज्या आवाजात तो रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचा, त्याच आवाजात तो म्हणाला, "अवं हिवरखेडवाले! काहून बसली तिथं?"

गीतांजली उठली. गुडघ्यांना हात न लावता उठली. त्याच्याकडं पाहिलं, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून, दोन रांगांमधल्या वाटेनं, पाळकांच्या आणि बायकांच्या मधून, सरळ दाराबाहेर निघून गेली. बायकांच्या माना तिच्यामागं वळत गेल्या. मागं स्टेजवर दिवेवाल्यानं सांगितल्याप्रमाणं शेवटचा उजेड पेत्रावर टाकला. जरी चमकली. पेत्र म्हणाला, "मी... मी प्रभूला पाहिलं." तो ज्या दिशेनं पाहत होता तिथं कोणीच नव्हतं.

पडदा पडला आणि टाळ्यांनी हॉल दणाणला.

गीतांजली व्हरांड्यात नळापाशी तोंड धूत होती. स्पीकर तिथंही लावलेला होता, त्यामुळं निकाल तिला ऐकावाच लागला. प्राध्यापिका बाई बोलत होत्या. "अकोल्याच्या नाटकाच्या शेवटानं मी हलले. ज्या बाईनं पहिली बातमी द्यायची, ती द्यायला जातच नाही! आणि बंद खोलीतले ते शिष्य! आणि मग पेत्राच्या तोंडी आजच्या सुनांची हाक! मग्दालीया म्हणा की हिवरखेडवाली, दोन हजार वर्षांत बाईला हाक मारण्यात काही फरक पडला नाही, हे दिग्दर्शकानं एका वाक्यात दाखवलं. असा दिग्दर्शक विरळा. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन, श्री. सूर्यभान तायडे."

पुन्हा टाळ्या. मग माईकवर फुंकर मारल्याचा आवाज. तो सूर्यभानचा, माईक चालू आहे हे दिसत असलं तरी तो आधी फुंकायचा.

गीतांजलीनं नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

"मान्यवर," सूर्यभान म्हणाला, "हा शेवट मले लय दिवसांपासून सुचत होता." टाळ्या. "कमिटीचा विरोध होता, पण मी लय भांडलो." टाळ्या. "आमचे पाळकसाहेब, वामनराव, प्रकाशयोजनावाले, साउंडवाले, सगळ्याइचे आभार." तो थांबला. गीतांजलीचा हात नळावर होता. स्पीकरमध्ये कागदाची खसखस झाली. "अन् घरच्यांचं सहकार्य लाभलं. सलाम."

परतीच्या बसमध्ये ट्रॉफी सूर्यभानच्या मांडीवर होती. माणसं येऊन तिला हात लावून जात होती. वामनराव तर म्हणाले, "सूर्यभान, तुह्या डोक्यात एवढं होतं अन् तू आम्हाले आधी सांगतलं नाई!" सूर्यभान नम्रपणे खिडकीबाहेर पाहत होता. मूर्तिजापूरच्या पुढं तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"राग आला काय वं? नाव घेणार होतो. गर्दीत राहूनच गेलं." मग म्हणाला, "पण तू स्टेजवर जे केलं ना, मस्त केलं. मले पाहताच समजलं होतं का तुह्या डोक्यात काय हाय."

गीतांजलीनं खिडकीची काच वर सरकवली. गरम वारा आत आला.

अकोल्याच्या स्टँडसमोर बस थांबली तशी ती पिशवी घेऊन उतरली. फलाटावर अकोटमार्गे हिवरखेडची एसटी लागली होती. सूर्यभान ट्रॉफी सांभाळत मागं मागं आला.

"कोठी चालली वं?"

"तुमी मले जिथली म्हणता, तिथं," ती म्हणाली, आणि चढली.

खिडकीतून तिला तो दिसत होता. ट्रॉफी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, आता हाक मारावी की नाही याचा विचार करत. त्यानं तोंड उघडलंही. पण एसटी निघाली, आणि तो काय म्हणाला ते इंजिनात गेलं. तिनं ऐकण्याचा प्रयत्न केला नाही, असं म्हणता येणार नाही.

हिवरखेडला ती पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. गल्ली तीच, वळणावरचं निंबाचं झाड तेच. या गल्लीत ती फ्रॉक घालून धावली होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे तिला नावानं ओरडायचे. पावलं आपोआप भरभर पडू लागली. गुडघे अगदी उत्तम होते.

भावाच्या घराचं दार उघडं होतं. ओट्यावर भावजय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवून आनंदानं आतल्या माणसांना हाक दिली.

"अवो, बाहेर या ना! पाहा कोण आली! अकोलेवाली आली!"

गीतांजली पायरीपाशी थांबली. आतून भाऊ, भाचे, सगळे बाहेर येत होते. तिनं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या.

"आली," ती म्हणाली.